गाडीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही

कराड

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुण्यात स्कूटर चालवावीस की नाही, यावरून रविवारी जे बोलणं झालं ते झालं. गाडी ट्रान्स्पोर्टने गेली, पावती बाबांनी कपाटात ठेवली, विषय संपला. या पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, म्हणून हे कागदावर. ऐकलेलं तुझ्याकडे टिकत नाही, लिहिलेलं टिकतं, हे डॉक्टरबाईंनी आत्ता एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार, असं नाव देऊन सांगितलं असलं तरी तू पाचवीत असल्यापासून घरात सगळ्यांना माहीत आहे. कागद फ्रीजवर लाव. ड्रॉवरमध्ये गेला की गेला.

आधी औषध. मेडिकलचं दुकान हा माझा धंदा, तेव्हा इथे मला बोलू दे.

तुझं औषध मिथाइलफेनिडेट. पहिला आठवडा १८ मिलिग्रॅम, मग डॉक्टरबाईंना फोन, मग त्या म्हणतील तर ३६. मध्येच "काहीच फरक नाही" असं वाटलं तर आपल्या मनाने दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. मोठ्या माणसात मिथाइलफेनिडेटचा डोस वजनावरून ठरत नाही. कमीपासून सुरू करायचं आणि फायदा-त्रासाचा मेळ बसेपर्यंत चढवत न्यायचं. कुणाला १८ पुरतात, कुणाला ५४ लागतात, आणि जास्त लागले म्हणजे आजार मोठा असं मुळीच नाही. डोस जास्त झाल्याच्या खुणा मात्र पाठ कर: छातीत धडधड, जबडा आवळलेला, आणि माणूस गप्प, कोरडा, हसू विसरलेला. लहान मुलांच्या बाबतीत आयांना वाटतं पोरगं शहाणं झालं. ते शहाणं झालेलं नसतं, त्याला औषध जास्त झालेलं असतं. ताईलाही हे सांग, तिच्या अर्णवचं औषध सुरू झालं की तिला लागेल.

गोळी सकाळी साडेसातला, नाश्ता झाल्यावर. नाश्ता आधी, कारण नंतर भूक मरते. चहा-बिस्किटाला नाश्ता म्हणायचं नाही. दोन अंडी, नाहीतर मटकीची उसळ आणि भाकरी, अगदीच घाई असली तर शेंगदाणे घालून पोहे आणि वर कपभर दूध. दुपारी भूक लागणार नाहीच, तेव्हा घड्याळाकडे बघून डबा उघडायचा आणि अर्धा तरी संपवायचा. रात्री औषध उतरलं की भूक परत येते, तेव्हा पोटभर जेव. वजन दर रविवारी, एकाच काट्यावर, उठल्या उठल्या. उतरतच राहिलं तर डॉक्टरबाईंना सांगायचं, मनातल्या मनात खूश व्हायचं नाही. मी ओळखते तुला.

गोळी अख्खी गिळायची. फोडायची नाही, चावायची नाही, कारण तुला दिलेल्या प्रकारात वरच्या थरातलं औषध पहिल्या तासाभरात लागू होतं आणि आतलं दिवसभर एका बारीक भोकातून हळूहळू बाहेर ढकललं जातं. फोडलीस की दिवसाचा सगळा माल एकदम अंगात. रिकामं टरफल शौचातून तसंच बाहेर पडतं. ते दिसलं तर "गोळी विरघळलीच नाही" म्हणून घाबरून फोन करू नकोस. काउंटरवर महिन्याला एक तरी माणूस हे विचारायला येतो.

सकाळी विसरलीस आणि दहाच्या आत आठवलं, तर घे. दुपारी आठवलं तर त्या दिवशीची सोडून दे, नाहीतर रात्री दोनपर्यंत पंखा बघत पडशील. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. आणि "घेतली की नाही" हेच आठवत नाही अशी सकाळ येणार, सगळ्यांना येते. त्यासाठी सात कप्प्यांची डबी दिली आहे. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. तरी शंका उरली तर घ्यायची नाही. एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण त्या दिवशी स्कूटरला हात लावायचा नाही, बस.

गोळी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसून नाडी मोज. मनगटावर तीस सेकंद, त्याची दुप्पट, वहीत तारीख घालून. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा बीपी. बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहायला लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तर पुढची गोळी न घेता थेट डॉक्टर. चहा दोन कप, त्यातला दुसरा चारच्या आत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत फेनिलएफ्रिन किंवा सुडोएफेड्रिन असतं त्या नकोत, दोन्ही औषधं मिळून बीपी चढवतात. मेडिकलवाल्याला आधीच सांगायचं की मी अमुक औषध घेते. यात लाजण्यासारखं काय आहे? माझ्याकडे लोक भर गर्दीत मूळव्याध सांगतात.

आता जिथे बहुतेक जण अडकतात ते. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीत येतं. विकायला वेगळं लायसन लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, रजिस्टर वेगळं, आणि प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. एवढा व्याप नको म्हणून आपल्यासारखी बरीच दुकानं ते लायसन घेतच नाहीत. तेव्हा तुझ्या नऱ्ह्यातल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही. तिथे "नाही" ऐकलंस की "उद्या बघू" म्हणशील आणि तो उद्या महिन्याने उगवेल. लक्ष राहण्याचं औषध आणायचं लक्षात राहिलं नाही म्हणून औषध सुटलं, हे या आजारात इतकं ठरलेलं आहे की मला त्याचं हसूही येत नाही. म्हणून: दवाखान्यातूनच विचारून घे की जवळचं शेड्यूल एक्सवालं दुकान कोणतं. दर वेळी दोन प्रती मागून घे. पट्टीत सात गोळ्या उरल्या की त्याच दिवशी अपॉइंटमेंट. सातव्या गोळीच्या जागी लाल मार्करने खूण करून ठेव, शून्यावर आल्यावर जाग येऊन उपयोग नाही. ऑनलाइन शोधत बसू नकोस. आणि ऑफिसातल्या कुणी "परीक्षेपुरती एक दे ना" म्हटलं तर हसण्यावारी नेऊन नाही म्हणायचं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे ते, दुसऱ्याला देणं गुन्हा आहे.

तीन-चार आठवडे नीट घेऊनही सोसलं नाही तर दुसरं आहे, ॲटोमोक्सेटिन. साध्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, त्याची सवय लागत नाही, पण पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि रिकाम्या पोटी मळमळतं. पहिल्याच आठवड्यात "याने काही होत नाही" म्हणून लोक सोडतात. काकूंची नैराश्याची गोळी चालू असते तसली एखादी, फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन, सोबत असेल तर ॲटोमोक्सेटिन अंगात साठतं, डोस कमी ठेवावा लागतो. हे आत्ता तुझ्या कामाचं नाही. माहीत असू दे.

संध्याकाळचं मात्र नीट वाच. साडेसातला घेतलेली गोळी संध्याकाळी सहा-सातनंतर उतरायला लागते. उतरताना काहींना तासभर चिडचिड होते, डोकं सकाळपेक्षाही जास्त विखुरतं. तुझ्या ऑफिसातून निघायची वेळ नेमकी तीच. आणि रस्ता बाणेर, चांदणी चौक, वारजे, नवले पूल. सकाळी जाताना औषध अंगात असेल, पण तेव्हा कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर न्यूट्रलवर सोडलेले ट्रक तुझ्याच बाजूने खाली येत असतात. नवले पुलाच्या अपघातांच्या बातम्या आपण कराडात बसून वाचतो, तू तर तिथेच राहणार. पीएमपीची बस आहे ना त्या रस्त्याने?

बघ, लिहिणार नव्हते.

तू त्या दिवशी म्हणालीस, "माझ्यात काहीतरी कमी आहे असंच ना?" बाबा मध्येच बोलले आणि उत्तर राहून गेलं. तेव्हा आता ऐक. लक्ष कमी असतं तर तू दिवाळीत रात्री दहाला बसून पहाटे चारपर्यंत अंगणभर संस्कारभारतीची रांगोळी काढली नसतीस, पाणी प्यायलाही न उठता. गल्लीतली माणसं फराळाआधी ती बघायला आली होती. उसाच्या पाटाला पाणी भरपूर असावं आणि दारं धरणारा गडी बांधावर झोपावा, तसं आहे हे. पाणी जिकडे उतार तिकडे जातं. आवडीच्या वाफ्यात गुडघाभर, आणि ज्या वाफ्याला द्यायचं तो कोरडा. मेंदूचा जो पुढचा भाग हे दारं धरण्याचं काम करतो, त्याला डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन लागतं. तुझी गोळी ही दोन्ही रसायनं परत शोषली जाण्याचा वेग कमी करते, म्हणून ती जागेवर जास्त वेळ टिकतात. एवढंच ती करते. कोणतं काम आधी करायचं ते गोळी ठरवत नाही. गोळी घेऊन तू सकाळी आधी इन्स्टाग्राम उघडलंस तर तीन तास उत्तम एकाग्रतेने इन्स्टाग्रामच बघशील. गोळी लागू व्हायच्या आत हातात काय घ्यायचं ते आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपवर चिकटव.

आणि हे काही मोबाइलमुळे आलेलं नवं खूळ नाही, बापूमामा काहीही म्हणोत. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने उत्तेजक औषध देऊन बघितलं, तर मुलं उलट शांत बसून गणितं सोडवायला लागली. मिथाइलफेनिडेट १९४४ सालचं, सिबा कंपनीतल्या पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलेलं. त्याच्या बायकोला रिटा म्हणत, त्यावरून रिटालिन. ऐंशी वर्षं जुन्या औषधाला "नवीन काहीतरी प्रयोग" म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

जुळ्यांच्या अभ्यासांतून हा आजार ७० ते ८० टक्के आनुवंशिक दिसतो, जवळजवळ उंचीइतका. म्हणून तर अर्णवची तपासणी चालू असताना डॉक्टरबाईंनी "घरात आणखी कोण असं आहे?" विचारलं आणि ताईने पटकन तुझं नाव घेतलं. त्यावरून तू तिच्यावर रागावू नकोस. तुझ्यासारख्या, खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली शाळेत कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाहीत. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांपुढे उभा असतो. डॉक्टरबाईंनी चौथीचं प्रगतिपुस्तक मागवलं ते उगाच नाही. मोठ्या माणसात नऊपैकी पाच लक्षणं लागतात, मुलांत सहा. पण ती बाराव्या वर्षाआधीपासून, किमान दोन ठिकाणी आणि सहा महिन्यांहून जास्त काळ असावी लागतात. परवा सुरू झालेला विसरभोळेपणा यात बसत नाही. तो थायरॉइड असेल, रक्त कमी असेल, झोप नसेल, मन खचलेलं असेल. म्हणून आधी त्या तपासण्या केल्या. एमआरआयमध्ये किंवा रक्तात हा आजार दिसत नाही, कुणी तसं सांगून पैसे मागितले तर उठून यायचं.

तुझ्या प्रगतिपुस्तकात दर सहामाहीला तेच वाक्य: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." सात बाईंची सात अक्षरं, वाक्य एक. आणि तरी तू इथवर आलीस, कसलंही औषध नसताना, दुप्पट मेहनत करून. हे माझ्या तोंडावर येत नाही, लिहून टाकते.

आता खोलीतलं. पहिलं काम, दारामागे खिळा. किल्ल्या, आयकार्ड आणि गाडीची (असो) किल्ली, तिन्ही एकाच खिळ्याला. घरात शिरल्यावर पर्स ठेवायच्याही आधी. दुसरी जागा केलीस की दोन जागा शोधाव्या लागतात. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर पाच शब्द: गोळी, डबा, मोबाइल, किल्ली, गॅस. पाचच. आठ केलेस की महिन्याभरात तो कागद भिंतीचा रंग होऊन जातो, दिसतच नाही. दर दोन महिन्यांनी कागदाचा रंग आणि जागा बदल, त्याच कारणासाठी.

घड्याळ काट्यांचं, मोठं, बिछान्यातून दिसेल असं. आकड्यांच्या घड्याळात ८:१० नुसता आकडा असतो, काट्यांत किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. मोबाइलचा गजर लावायचा असेल तर दोन: एक "आवरायला घे" चा, एक "निघ" चा, मध्ये पंचवीस मिनिटं. आंघोळ, कपडे, डबा, चप्पल यांना खरोखर किती वेळ लागतो ते एकदा मोजून लिही. तुझा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दुपटीचा फरक निघेल, मग अंदाजाला दोनने गुणायचं. उशीर झाला की माणूस ॲक्सिलरेटर पिळतो, मला काळजी त्याचीच आहे. वेळेत निघालेली मुक्ता सिग्नलला थांबते. उशीर झालेली थांबत नाही, हे मी दत्त चौकात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे.

कामाची सुरुवात होत नाही म्हणतेस. काम मोठं लिहिलेलं असतं म्हणून. "रिपोर्ट करणे" असं लिहू नकोस. "फाइल उघडून मथळा टाइप करणे" असं लिही, दोन मिनिटांचं. मग टायमर वीस मिनिटं, पाच मिनिटं उभं राहून पाणी, परत वीस. सुट्टीच्या पाच मिनिटांत मोबाइल हातात घेतलास तर ती पाच राहत नाहीत. समोर कुणीतरी आपलं काम करत बसलेलं असलं की तुझं काम होतं, बारावीला मी नुसती स्वेटर विणत बसायचे तसं. खोलीतल्या मुलीला सांग, नाहीतर मला व्हिडिओ कॉल लाव. मी दुकानाची बिलं करत बसेन, बोलणार नाही. खरंच बोलणार नाही.

ऑफिसात साहेबांनी तोंडी काम सांगितलं की जागेवर जाऊन दोन ओळींची मेल: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे हे, या तारखेपर्यंत. बरोबर ना?" त्यांना वाटेल मुलगी नेटकी आहे, तुला लेखी मिळेल. आजाराबद्दल त्यांना आत्ताच सांगण्याची गरज नाही, आधी सहा महिने त्यांना तुझं काम बघू दे. भाडं आणि महावितरणचं बिल ऑटो-पेवर. खरेदीच्या ॲपमधून कार्ड काढून टाक. दर वेळी सोळा आकडे टाकायला लागले की निम्मी खरेदी आपोआप गळते. उरलेली कार्टमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी बघायची. नाहीतर पगाराच्या आठवड्यात काय होतं ते वरच्या माळ्यावरची खोकी सांगतील.

झोप. तुझ्यासारख्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, त्यामुळे रात्री बाराला टक्क जाग आणि सकाळी सातला मेल्यासारखी झोप. उठायची वेळ रविवारीही तीच ठेव, उठल्यावर पंधरा मिनिटं गच्चीत उन्हात. रात्री साडेदहाला मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात, उशाशी नाही. झोप अपुरी झाली तर ३६ मिलिग्रॅमही कमी पडल्यासारखे वाटतात आणि लोक उगाच डोस वाढवून घेतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही काहीजणींना औषध कमी पडतंय असं वाटतं. वहीत तारखा लिहीत गेलीस तर दोन-तीन महिन्यांत डॉक्टरबाईंना त्यातून काही दिसेल. आणि ऑफिसच्या पार्टीत दारू या औषधाबरोबर नको. चढलेली कळत नाही आणि माणूस स्वतःला शुद्धीवर समजून किल्ली उचलतो.

फार झालं का गं? चार ओळींचं पत्र लिहायला बसले होते आणि सगळं दुकान काउंटरवर काढून ठेवलं. तू मोठी आहेस, कमावती आहेस. जे पटेल ते एक कर, बाकीचं पुढच्या महिन्यात. एकदम सगळं सुरू केलंस तर पंधरा दिवसांत सगळं एकदम बंद पडेल. आधी औषधाचं आणि खिळ्याचं, बस.

एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, हा आजार असलेल्या २३ लाखांहून जास्त माणसांच्या विम्याच्या नोंदींवरचा. त्यात एकाचं दुसऱ्याशी तोलून बघितलं नाही. त्याच माणसाचे औषध घेतलेले महिने आणि न घेतलेले महिने ताडून बघितले. औषधाच्या महिन्यांत वाहनाचा अपघात होऊन इमर्जन्सीत यायची शक्यता पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि बायकांत ४२ टक्क्यांनी कमी. याचा अर्थ मी माझ्या बाजूने लावते, तू तुझ्या बाजूने लावशील. तू म्हणशील, औषध घेते आहे ना, मग? मी म्हणेन, कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि संध्याकाळी सातनंतर औषध असतंच कुठे? तेव्हा मधला मार्ग: सकाळी बस किंवा आतल्या रस्त्याने गाडी, हायवे नाही. संध्याकाळी उशीर झाला तर गाडी ऑफिसात ठेवून यायचं. कानात इयरफोन नाही, मोबाइल डिकीत, हँडलवर नाही. नकाशा निघण्याआधी बघून घ्यायचा. एवढं मान, पुढे मी गप्प.

ताईचं राहिलं. अर्णवच्या आजीला औषध नको आहे, म्हणते ब्राह्मीचं सरबत द्या आणि साखर बंद करा. ब्राह्मीच्या बाटल्या फेब्रुवारीत माझ्याकडे रांग लावून खपतात, पण त्यांनी हा आजार हटतो असं मी ग्राहकालाही सांगत नाही. साखरेचं तर १९९४ मध्येच तपासून झालं: कुणाच्या जेवणात साखर आणि कुणाच्या नाही हे मुलांना, आयांना आणि तपासणाऱ्यांना कळू न देता आठवडेच्या आठवडे बघितलं, वागण्यात फरक पडला नाही. आजीबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून जाऊ दे, सोनारानेच कान टोचलेले बरे.

ताईचा खरा प्रश्न आहे, औषध की शिस्त. १९९९ मध्ये अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने नेमकं हेच तपासलं. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक बसवलेलं औषध नुसत्या वर्तन-शिक्षणापेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही मिळून दिलेल्या मुलांना औषध कमी लागलं. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईबापांना शिकवतात, औषध नंतर. अर्णव आठचा आहे, दोन्ही एकदम चालेल. २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन बघितलं तेव्हा अशा मुलांत मेंदूच्या वरच्या थराची जाड होत जाण्याची वाढ साधारण तीन वर्षं मागे निघाली, क्रम मात्र तोच. तेव्हा बुद्धीने तो तिसरीतला आहे, पण स्वतःला आवरण्याच्या बाबतीत त्याला दोन-तीन वर्षांनी लहान धरायचं.

त्याला दुसऱ्या खोलीतून हाक मारून तीन कामं सांगायची नाहीत. हाताच्या अंतरावर जायचं, खांद्याला हात लावायचा, डोळ्यांत बघेपर्यंत थांबायचं, एक काम, चार-पाच शब्दांत. "बूट जागेवर ठेव." मग त्याच्याकडून वदवून घ्यायचं. झालं की लगेच, त्याच मिनिटाला शाबासकी, आणि कशाबद्दल तेही सांगायचं. "शहाणा" एवढं पुरत नाही. महिनाअखेरच्या सायकलसाठी ही मुलं आज अभ्यास करत नाहीत, बक्षीस त्याच दिवशीचं हवं. डब्यात रंगीत बटणं टाकायची: बूट एक, दप्तर रात्री भरलं दोन, पाच बटणांना अर्धा तास क्रिकेट. चूक झाली तर एक बटण जातं, तेही शांतपणे. मारायचं नाही, भाषणही नाही. मिळवलेली सगळी बटणं एकदम काढून घेतली की खेळ मोडतो, ताई रागाच्या भरात नेमकं तेच करते. आणि दोन-तीन आठवड्यांनी बटणांचा कंटाळा येणारच. योजना फसली असं समजायचं नाही, बक्षीस बदलायचं.

गृहपाठ दहा-बारा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये अंगणात एक फेरी. एका पानावर दहा गणितं असतील तर खालची पाच कोऱ्या कागदाने झाकायची.

सोमवारी ताई शाळेत बाईंना भेटणार आहे. तिथे ती रडेल आणि मुद्दा राहील, म्हणून तू तिला लिहून दे, तुला ते आतून माहीत आहे. मागण्या तीनच ठेव: पहिला बाक, खिडकी आणि दारापासून लांब; तासाला एकदा उठायचं काम, म्हणजे डस्टर आणणं, वह्या वाटणं; आणि रोज डायरीत तीन गोष्टींवर खूण, बस, शेरा नको. त्या तीन गोष्टीही अशा हव्यात की त्यातल्या दोन तरी त्याला आजच जमतील. बाईंना भरायला डॉक्टरांचा फॉर्म दिला आहे, तो मागून आणायला ताईला आठवण कर. घरचा आणि शाळेचा दोन्ही फॉर्म आल्याशिवाय पुढचं ठरत नाही.

आण्णांची तब्येत बरी आहे. बाबा तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेणार म्हणतात.

तुझी,
आई

ता. क. पार्सलमध्ये भिंतीचं घड्याळ, शेंगदाण्याची चिक्की आणि प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्स आहेत. झेरॉक्सवर औषध मिळणार नाही, त्या फाइलला लाव. मूळ दोन्ही प्रती तुझ्या निळ्या फोल्डरमध्ये आहेत. घड्याळाचे सेल वेगळे आहेत, चिक्कीच्या डब्याखाली बघ.